पहिलाच हेडफोन अँप्लिफायर: सीमॉय कसा बांधायचा आणि तो कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा: सोल्डरिंग जेमतेम येतं, मल्टिमीटर घरात आहे. २५० ओहमचे हेडफोन फोनच्या डोंगलवर (फोनच्या यूएसबीला लावून हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) दबके वाजतात. खिशात मावेल असा अँप्लिफायर स्वतः बनवायचा आहे. कोणतं सर्किट घ्यावं, कोणते पार्ट आणावेत, आणि कुठे चुकतं?

सर्किट सीमॉय घ्या. चू मॉय यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी हे सर्किट लोकांसमोर ठेवलं आणि त्यांच्याच नावावरून ते ओळखलं जातं. एक ऑपअँप (सिग्नल मोठा करणारा छोटा आयसी), एक ९ व्होल्टची बॅटरी, वीसेक किरकोळ पार्ट. अमेरिकेत लोक ते पुदिन्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवतात. आपल्याकडे कंपासपेटी चालते, फक्त खोली आधी मोजा. ९ व्होल्टची बॅटरी १७.५ मिलिमीटर जाड असते आणि बऱ्याच कंपासपेट्यांचं झाकण तिच्यावर बसत नाही.

पण पार्ट आणायला निघण्याआधी पाच मिनिटं हिशेब करा. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हा २५० ओहमचा नेहमीचा नमुना घेऊ. तो एका मिलिवॅटला ९६ डेसिबल देतो. डोंगल साधारण १ व्होल्ट देत असेल तर २५० ओहममध्ये ४ मिलिवॅट जातात, म्हणजे १०२ डेसिबल. आता एका ९ व्होल्ट बॅटरीवरचा ऑपअँप दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच व्होल्टपर्यंत झुलतो, कारण मिळतात अधिक-उणे साडेचार आणि त्यातले दीड-दोन व्होल्ट आयसी स्वतःकडेच ठेवतो. हे झाले सुमारे १.७ व्होल्ट आरएमएस, म्हणजे डोंगलचा १ व्होल्ट ज्या सरासरी मापाने मोजला त्याच मापाने. म्हणजे सगळा खटाटोप करून डोंगलपेक्षा साडेचार डेसिबल जास्त. फरक कळतो, पण फार मोठा नाही. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १८ व्होल्ट केले तर ३ व्होल्टपर्यंत सहज जाता येतं, म्हणजे साडेनऊ डेसिबलची वाढ. म्हणून माझा सल्ला असा: पहिली बांधणी एका बॅटरीवर करा, पण डबीत दुसऱ्या बॅटरीची जागा सोडा आणि कपॅसिटर २५ व्होल्टचेच घ्या. आणि हेडफोन १६ किंवा ३२ ओहमचे, भरपूर आवाज देणारे असतील तर अँप्लिफायरची गरजच नाही. हौस म्हणून बांधा, सुधारणेची अपेक्षा ठेवू नका.

आता सामान. ऑपअँप ओपीए२१३४, आठ पायांचा डिप पॅकेजमधला (दोन्ही बाजूंना खाली वळलेले पाय असलेला), आणि त्यासाठी आठ पायांचा आयसी बेस. आयसी थेट बोर्डावर सोल्डर करू नका. पॉवर दुभागायला ४.७ के चे (के म्हणजे हजार ओहम) दोन रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. जागा असेल तर ४७०. आयसीच्या ४ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये लावायला ०.१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर. प्रत्येक चॅनेलला ०.१ मायक्रोफॅरडचा एक फिल्म कपॅसिटर, १०० के चा एक, १० के चा एक आणि ४.७ के चा एक रेझिस्टर. हे सगळं दोनदा, कारण चॅनेल दोन. शिवाय १० के चा स्टिरिओ लॉग पॉट (आवाज कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर), ३.५ मिलिमीटरचे प्लॅस्टिक बॉडीचे दोन स्टिरिओ जॅक, एक स्विच, ३ मिलिमीटरचा लाल एलईडी आणि त्याला ४.७ के, बॅटरीची टोपी, आणि १एन५८१७ डायोड. रेझिस्टर मेटल फिल्म, पाव वॅट, एक टक्कावाले.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली पासोड्या विठोबाजवळची दुकानं, इथे यातलं जवळजवळ सगळं एका फेरीत मिळतं. अडतो तो ओपीए२१३४. ऑनलाइन फार स्वस्त दिसला तर तो बहुधा दुसऱ्याच आयसीवर नाव छापून विकलेला असतो. ओळखायचा कसा ते पुढे येतंच. तोवर एक टीएल०७२ही घेऊन ठेवा. हेडफोन चालवण्याची त्याची ताकद नाही, पण पाय तेच असल्यामुळे सर्किट तपासायला उत्तम, आणि जळला तर वाईट वाटत नाही.

दुकानदार हमखास म्हणतो, "एनई५५३२ घ्या, ऑडिओला तोच वापरतात." आयसी चांगलाच आहे, पण या सर्किटमध्ये नाही. त्याच्या इनपुटला २०० नॅनोअँपिअरच्या आसपास करंट लागतो आणि तो १०० के च्या रेझिस्टरमधून येतो. तिथेच २० मिलिव्होल्ट डीसी, म्हणजे न झुलणारा स्थिर व्होल्टेज, तयार झाला. गेन, म्हणजे सिग्नल जितक्या पटीने मोठा होतो तो आकडा, तीन पट धरला तर आउटपुटला साठ मिलिव्होल्ट. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये त्यामुळे एका बाजूला जवळजवळ २ मिलिअँपिअर डीसी वाहतो, आणि तो परत जातो आभासी ग्राउंडकडे, म्हणजे बॅटरीच्या अधिक-उण्याच्या मधोमध आपण तयार केलेल्या बिंदूकडे. हे ग्राउंड म्हणजे काय, तर ४.७ के चे दोन रेझिस्टर, डीसीच्या दृष्टीने २.३५ के. गुणाकार करा, साडेचार व्होल्ट येतात. म्हणजे बॅटरीच्या मधोमध राहायला हवा तो बिंदू एका टोकाला जाऊन आपटतो आणि आवाज फाटतो. ओपीए२१३४च्या इनपुटला फेट जातीचे ट्रान्झिस्टर असल्याने त्याला करंट जवळपास लागतच नाही.

आभासी ग्राउंड हाच या सर्किटचा जीव आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. बॅटरीला दोनच टोकं, अधिक आणि उणे. ऑपअँपला मात्र मधला बिंदू हवा, ज्याच्या वर आणि खाली सिग्नल झुलेल. तो आपण दोन सारख्या रेझिस्टरांनी तयार करतो आणि दोन इलेक्ट्रोलिटिक त्याला धरून ठेवतात. इनपुट जॅकचं ग्राउंड, आउटपुट जॅकचं ग्राउंड, पॉटचं ग्राउंड, १०० के चं खालचं टोक, ४.७ के चं खालचं टोक: सगळं इथे येतं. बॅटरीच्या उण्यावर फक्त आयसीचा ४ नंबरचा पाय, खालच्या इलेक्ट्रोलिटिकचं उणं टोक, खालचा दुभागणारा रेझिस्टर, तो सिरॅमिक आणि एलईडी. नवख्यांच्या दहातल्या सात चुका या दोन तारांची गल्लत करण्यातूनच होतात. बोर्डावर मार्करने लिहून ठेवा. लाल तार अधिक, काळी उणे आणि हिरवी मधलं ग्राउंड, एवढी शिस्त पाळली तरी पुरे. एलईडीही अधिक आणि उणे यांच्यामध्येच लावा. मधल्या ग्राउंडला लावलात तर त्याचा दीड मिलिअँपिअर त्या बिंदूला ओढत राहील.

सिग्नलचा रस्ता सोपा आहे. इनपुट जॅकवरून पॉटच्या एका टोकाला, पॉटच्या मधल्या पायावरून फिल्म कपॅसिटर, तिथून आयसीच्या ३ नंबरच्या पायाला. दुसऱ्या चॅनेलला ५ नंबर. त्याच पायावरून १०० के ग्राउंडला. १ नंबरच्या आउटपुटवरून १० के परत २ नंबरला, आणि २ नंबरवरून ४.७ के ग्राउंडला. दुसऱ्या बाजूला ७ वरून ६ ला तसंच. १ आणि ७ थेट आउटपुट जॅकला. ८ नंबरला बॅटरीचा अधिक, वाटेत स्विच आणि डायोड. डायोड उगाच नाही. ९ व्होल्टची टोपी बॅटरीवर बसवताना क्षणभर उलटी टेकते, आणि आयसी जायला तेवढा क्षण पुरतो.

गेन म्हणजे १ अधिक १० भागिले ४.७, सुमारे ३.१ पट. मूळ सर्किटमध्ये ४.७ के च्या जागी १ के होता, गेन ११ पट. त्या काळच्या कॅसेट आणि सीडी प्लेयरच्या क्षीण आउटपुटला तो शोभत असेल. आज ११ पट ठेवला तर पॉट घड्याळातल्या आठच्या खुणेपुढे नेता येत नाही, आणि स्वस्त स्टिरिओ पॉटचे दोन भाग नेमके तिथेच एकमेकांशी जुळत नाहीत. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी ऐकू येतं आणि माणूस आयसी बदलत बसतो. गेन कमी ठेवा, पॉट मधोमध फिरू द्या.

एक बारीक सापळा रेझिस्टरांच्या पट्ट्यांचा. एक टक्कावाल्यांना पाच पट्ट्या असतात आणि शेवटची तपकिरी. १० के ची सुरुवातही तपकिरीनेच होते. तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. उलट बाजूने वाचलं तर तपकिरी, लाल, काळा, काळा, म्हणजे १२० ओहम. १०० के उलटा वाचला तर १३० ओहम. डोळ्यांवर विसंबू नका, प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजूनच बोर्डात घाला. दुभागणारे दोन ४.७ के तर चार-पाच मोजून त्यातले सर्वांत जुळणारे निवडा.

बांधायला झिरो पीसीबी (रांगेत भोकं पाडलेला कोरा बोर्ड) पुरतो. मधोमध आयसी बेस, खाच स्वतःच्या डावीकडे. बेसच्या खालून ग्राउंडसाठी जाडसर, टिन चढवलेली उघडी तार बोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाका. मधल्या ग्राउंडला येणारं सगळं या तारेला चिकटतं. आउटपुट जॅकचं ग्राउंड इलेक्ट्रोलिटिकच्या अगदी जवळ, इनपुटचं दुसऱ्या टोकाला. ०.१ चा सिरॅमिक बोर्डाच्या खालच्या बाजूने थेट ४ आणि ८ या पायांवर लावला तरी चालेल. तो कोपऱ्यात दूर ठेवला तर असून नसल्यासारखा.

सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं, सोल्डर ६०/४०, शक्यतो ०.८ मिलिमीटर जाडीचं. टोकाने आधी पाय आणि तांबं दोन्ही तापवा, मग सोल्डर जोडाला लावा, आयर्नला नाही. दोन-तीन सेकंदांत ते स्वतःहून पसरतं. चांगला जोड चकाकतो आणि पायाच्या दिशेने उतरता होत जातो. गोल मणी बसल्यासारखा दिसला तर तो ड्राय सोल्डर, आज चालेल आणि खिशात हलला की बंद पडेल. जॅकला सोल्डर करताना त्यात एखादा जुना प्लग खुपसून ठेवा. प्लॅस्टिक मऊ झालं तरी आतल्या पट्ट्या जागच्या जागी राहतात. पॉटचा दांडा आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय ग्राउंड, मधला आउटपुट, उजवा इनपुट. आवाज उलटा फिरला तर बाहेरचे दोन पाय अदलाबदल करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हेडफोन अजून लांब ठेवा.

आयसी न घालता बॅटरी जोडा. ८ आणि ४ मध्ये बॅटरीपेक्षा पाव व्होल्टभर कमी दिसायला हवं, तेवढं डायोड खातो. मग ८ आणि मधलं ग्राउंड, मधलं ग्राउंड आणि ४: दोन्ही जवळपास सारखे, नव्या बॅटरीला साडेचारच्या आसपास. दहाव्या हिश्शाहून जास्त फरक असेल तर रेझिस्टर चुकला किंवा एखादा इलेक्ट्रोलिटिक उलटा लागला. बॅटरी काढून दोन्ही जॅकचं ग्राउंड मधल्या ग्राउंडशी जुळतंय आणि बॅटरीच्या उण्याशी जुळत नाही, हे मल्टिमीटरच्या बझरवर तपासा.

मग टीएल०७२ घाला, खाच बघून. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून मधलं ग्राउंड आणि १, मग मधलं ग्राउंड आणि ७ मोजा. आकडा दहा-बारा मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. ठीक असेल तर बॅटरी काढून ओपीए२१३४ घाला आणि पुन्हा मोजा, आता पाच-सहाच्या आत यायला हवा. २० च्या वर गेला तर हेडफोन लावू नका, चूक शोधा. शेवटी बॅटरीच्या एका तारेत मीटर मिलिअँपिअरवर लावून करंट बघा. खरा ओपीए२१३४ एकटा सुमारे ८ मिलिअँपिअर खातो. दुभागणारे रेझिस्टर आणि एलईडी धरून दहा-अकरा दिसायला हवेत. पाचच दिसले तर आयसीवरचं नाव खोटं असण्याची शक्यता मोठी. तीस-चाळीस दिसले आणि आयसीला बोट लावल्यावर चटका बसला तर तो ऑसिलेट होतोय, म्हणजे सिग्नल नसतानाही स्वतःहून झुलतोय. सिरॅमिक जवळ आणा, इनपुट आणि आउटपुटच्या तारा एकमेकींपासून दूर करा.

पहिलं गाणं रस्त्यावरच्या स्वस्त इअरफोनवर वाजवा, आणि आवाज तळाला ठेवून. सुरू करताना "टक्" असा आवाज येणारच, इलेक्ट्रोलिटिक भरताना तो होतो. आधी स्विच, मग हेडफोन, अशी सवय लावा.

काय बिघडलं हे पुष्कळदा कानालाच कळतं. वाद्यं ऐकू येतात पण गाणाऱ्याचा आवाज गायब, सगळं पोकळ आणि लांबून आल्यासारखं: आउटपुट जॅकचं ग्राउंड सुटलंय. दोन्ही स्पीकर आता एकमेकांमधून वाजतायत आणि तुम्ही डाव्या-उजव्यातला फरक ऐकताय. गायक मधोमध असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. डबीला हात लावल्यावर गुणगुण बदलत असेल तर डबी कशालाच जोडलेली नाही. ती मधल्या ग्राउंडला एका तारेने जोडा. फक्त ढोल-तबल्याच्या ठोक्याला आवाज फाटत असेल तर बॅटरी मोजा. ७ व्होल्टच्या खाली आली की बदलायची वेळ झाली. खालच्या सुरांना लागणारा करंट इलेक्ट्रोलिटिकांमधून येतो आणि त्या वेळी मधलं ग्राउंड वर-खाली डुलतं. ३२ ओहमचे हेडफोन वापरणाऱ्यांनी म्हणूनच ४७० घ्यावेत.

डबीत बसवताना एक चूक जवळजवळ ठरलेली. अडॅप्टरसाठी कुणी धातूचा डीसी जॅक बसवतो. त्याच्या अंगाला बॅटरीचा उणा असतो. ३.५ मिलिमीटरचा जॅक धातूच्या गळ्याचा असेल तर त्याच्या अंगाला मधलं ग्राउंड. दोन्ही एकाच पत्र्याला टेकले की मधलं ग्राउंड आणि उणं एक झालं, सर्किट संपलं. म्हणून प्लॅस्टिकचे जॅक सांगितले. बोर्डाच्या खाली पारदर्शक प्लॅस्टिक फायलीचा तुकडा कापून घाला. भोक पाडताना आतून लाकडाचा ठोकळा लावा, खिळ्याने खूण करा, ३ मिलिमीटरने सुरुवात करा आणि कानसाने मोठं करत जा. पत्रा पातळ असतो, मोठा ड्रिल थेट लावला तर फाटतो.

यूएसबीवरून ५ व्होल्ट घेऊन ते ९ करणारं छोटं मॉड्यूल लावायचा मोह पहिल्या बांधणीत आवरा. ज्या लॅपटॉपवरून गाणी येतात त्याच्याच यूएसबीला ते जोडलं तर लॅपटॉपचं ऑडिओ ग्राउंड आणि यूएसबीचा उणा आतून एकच असतात. म्हणजे पुन्हा तेच, मधलं ग्राउंड उण्यावर. "यूएसबीवर चार्ज होणारी ९ व्होल्ट" म्हणून मिळते तिच्या आतही एक लिथियम सेल आणि व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं, आणि त्याची शीळ हेडफोनमध्ये ऐकू येऊ शकते. निकेल मेटल हायड्राइडची चालेल, पण ती ८.४ व्होल्टची आहे की ७.२ ची ते वेष्टनावर बघा. ७.२ वाली इथे कामाची नाही. साधी अल्कलाइन या सर्किटवर तीस-पस्तीस तास निघते.

नंतर ३२ ओहमसाठी जास्त करंट हवासा वाटला तर एनजेएम४५५६ घाला. तो ७० मिलिअँपिअरपर्यंत देतो. पण त्याचाही इनपुट करंट फेटपेक्षा खूप जास्त आहे, तेव्हा १०० के काढून १० के लावा आणि ०.१ चा फिल्म कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा करा. खालच्या सुरांची हद्द १६ हर्ट्झवर आहे तिथेच राहते आणि डीसी दहापट उतरतो. सोबत दुभागणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या जागी टीएलई२४२६ हा तीन पायांचा आयसी लावला तर मधलं ग्राउंड २० मिलिअँपिअरपर्यंत हलत नाही. त्याचा एक पाय अधिकाला, एक उण्याला, एक मध्याला. इलेक्ट्रोलिटिक तसेच राहू द्या.

दुसरी बॅटरी लावाल तेव्हा दोघी मालिकेत जोडा, पण त्यांचा मधला सांधा ग्राउंड म्हणून वापरू नका, तो नुसता तारेने जोडलेला राहू द्या. त्या सांध्याला ग्राउंड केलं आणि चालू असताना एका बॅटरीची टोपी सैल झाली, तर आउटपुटला कित्येक व्होल्ट डीसी येतो आणि हेडफोनची कॉइल तो सहन करेलच असं नाही. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने आलेल्या ओटू अँप्लिफायरमध्ये दोन बॅटऱ्यांचा मधला सांधाच ग्राउंड आहे, पण तिथे बॅटरी उतरली की अधिक आणि उणे दोन्ही पुरवठे एकदम तोडणारं वेगळं सर्किट बसवलेलं आहे. सीमॉय नीट चालला की पुढचा टप्पा म्हणून तो बघा. त्याला मात्र छापील बोर्ड हवाच, झिरो पीसीबीवर त्याच्या नादी लागू नका.